मामांचे बंद स्पीकर, आत रुई, आणि हा व्हिल्चर कोण?

अमळनेरचा_भाचा

राम राम मंडळी. मूळ अमळनेरचा, नोकरीमुळे आता जळगावला. माझ्या थोरल्या मामांनी घर खाली करताना मला त्यांचे दोन स्पीकर दिले, घरीच बनवलेले, त्यांच्या तरुणपणीचे. प्लायवूडचे खोके आहेत, एकट्याने उचलत नाहीत, पुढे दहा इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आणि वर छोटा ट्विटर (वरच्या सुरांचा). गंमत म्हणजे खोक्याला कुठेच भोक नाही, सगळे जोड फेव्हिकॉल आणि लाकडाच्या भुशाने असे बुजवलेत की मुंगी शिरणार नाही. मागची फळी स्क्रू काढून उघडली तर आत जुन्या धोतराच्या पिशव्या आणि त्यात रुई ठासून भरलेली, आणि फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलंय, "व्हिल्चर पद्धत. हवा बाहेर जाऊ देऊ नये."

आता हा व्हिल्चर कोण ते मला माहीत नाही. मामांना विचारावं तर त्यांना हल्ली ऐकायला फार कमी येतं, फोनवर बोलणं म्हणजे मी एक विचारतो ते दुसरंच सांगतात, आणि कानाचं मशीन दिलंय तर ते कपाटात ठेवून देतात.

मुख्य प्रश्न असा की माझ्याकडचा अ‍ॅम्प्लिफायर जुना वीस-पंचवीस वॉटचा आहे, त्यावर हे खोके अगदी हळू वाजतात, आवाज छान आहे, खालचा सूर खोल वाटतो, पण दणका नाही. गोलाणी मार्केटमध्ये ओळखीचा एक मित्र आहे तो म्हणतो पुढून चार इंची भोक पाड, प्लास्टिकचा पाइप टाक, मग बघ कसा बेस येतो ते. पाडू का भोक? की मामांचं ऐकू?

यावलचे_गुरुजी

भाऊ, आधी ती ड्रिल मशीन परत ठेव. मामांचं ऐक.

एडगर व्हिल्चर म्हणजे घरात ऐकायच्या चांगल्या साउंडचा पाया ज्या चार-पाच माणसांनी घातला त्यातला एक. न्यूयॉर्कचा, जन्म १९१७ चा, गेला २०११ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी. आणि गडी शिकला काय होता माहिती आहे का, कलेचा इतिहास! पदव्युत्तर शिक्षण त्यात केलेलं, नाटकाचे सेट डिझाइन करायची इच्छा होती. मग दुसरं महायुद्ध आलं, सैन्याने इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, न्यू गिनीत पाठवलं, परत आल्यावर न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि रात्री विद्यापीठात ध्वनी पुनर्निर्मितीचा वर्ग घ्यायचा. मी तेहतीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, पण दुकानात हात काळे करून संध्याकाळी वर्गात सिद्धांत सांगणारा मास्तर मला नेहमी जास्त खरा वाटतो.

आता पद्धत समजून घे. त्या काळात बेस हवा तर खोका कपाटाएवढा लागायचा. वूफरचा कागदी कोन पुढे-मागे हलतो, त्याला जागेवर परत आणायला कडेची घडी आणि मागची जाळी कडक ठेवायचे, म्हणजे तीच स्प्रिंग. पण कापडाची-कागदाची स्प्रिंग सरळ वागत नाही, थोडं ढकललं तर थोडी ओढते आणि जास्त ढकललं तर एकदम आखडते, म्हणून मोठ्या आवाजात खालचे सूर फाटायचे. व्हिल्चर म्हणाला ही स्प्रिंगच काढून टाका. कोन इतका सैल टांगा की स्वतःचा त्याला जोरच नको, आणि मागे छोटा, पूर्ण बंद खोका द्या. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून दांडा ढकलून बघ, हवा कशी एकसारखी उलटी ढकलते. तीच हवा कोनची स्प्रिंग. हवेची स्प्रिंग कापडापेक्षा कितीतरी प्रामाणिक, जेवढं दाबाल त्या प्रमाणात ती परत ढकलते. याला अकूस्टिक सस्पेन्शन म्हणतात. म्हणून मामांनी लिहिलं हवा बाहेर जाऊ देऊ नये. तू भोक पाडलंस की ती स्प्रिंगच गेली, कोन मोकाट हलेल, खालच्या सुरांना फडफडेल आणि एखाद दिवशी कोनमागची तारेची कॉइल घासून बसेल.

रुईचं कारण पण सांगतो. हवा पटकन दाबली की गरम होते आणि गरम हवा जास्त कडक वागते. आत तंतू भरले की ते ती उष्णता शोषून घेतात, हवा मऊ होते आणि खोका आहे त्यापेक्षा थोडा मोठा असल्यासारखं वूफरला वाटतं. व्हिल्चरच्या कंपनीने काचेचा लोकर म्हणजे फायबरग्लास वापरला. आपल्या मामांनी खान्देशात जे पोत्याने मिळतं ते वापरलं, जिनिंगमधून आणलं असेल. शाब्बास मामा.

आणि यातली मला सगळ्यात आवडती गोष्ट. पहिला नमुना बनवताना कोनच्या कडेची ती सैल घडी कशाची करायची हा प्रश्न होता, तर ती केली गादीच्या कापडाची! त्याची बायको रोझमेरी, युद्धात नकाशे-आराखडे काढायचं काम केलेली, तिने त्या कापडाचा पॅटर्न काढून दिला. पिंजाऱ्याकडे गादी भरायला आपण जे कापड नेतो तशाच कापडातून घरगुती हाय-फायचा इतिहास बदलला, आणि त्यावर त्या बाईचं नाव कुठे ठळक छापलेलं दिसत नाही.

साउंडवाला_पारोळा

गुरुजी नमस्कार, सगळं बरोबर, पण भाच्याला दुसरी बाजू पण सांगा ना.

मी बावीस वर्षं लग्न-गणपती-कीर्तन सगळ्यांना साउंड लावतो. असला बंद खोका मांडवात नेला तर वरबाप पैसे देणार नाही. कारण हा खोका वॉट खातो आणि आवाज देत नाही. आमच्या कर्ण्याला पाच वॉट दिले तरी शेजारच्या गावाला कळतं कुणाचं लग्न आहे, आणि यांच्या खोक्याला पाच वॉट दिले तर शेजारच्या खोलीत पण कळत नाही. भाचा, तुझा अ‍ॅम्प्लिफायर पंचवीस वॉटचा आहे, आवाज हळू येतो त्यात खोक्याची चूक नाही, हा खोकाच तसा शे.

यामागे एक नियम पण आहे भो, आमच्या धंद्यात न शिकता कळतो. छोटा खोका, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिघातले दोनच मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडायचं. अमेरिकेत याला हॉफमनचा लोखंडी नियम म्हणतात. हॉफमन म्हणजे स्पीकर बनवणाऱ्या केएलएच कंपनीतला एच. आणि तो एका फार मोठ्या पियानोवादकाचा मुलगा होता, जोसेफ हॉफमनचा. व्हिल्चरने पहिले दोन घेतले आणि तिसरं सोडलं. आम्ही कर्णेवाल्यांनी पहिलं सोडलं, म्हणून तर टेम्पो लागतो.

बाकी मना भाऊ, त्या खोकाले भोक पाडू नको, ते गुरुजी बरोबर सांगी ऱ्हायनात. पण त्यावर डीजे वाजवायची अपेक्षा बी ठेवू नको.

यावलचे_गुरुजी

पारोळेकर एकदम मुद्द्याचं बोलले. केएलएचचं नाव काढलंत तर ती गोष्ट पूर्ण करतो, कारण व्हिल्चर एकटा नव्हता.

त्याच्या रात्रीच्या वर्गात एक फौजी पोरगा यायचा, हेन्री क्लॉस. हा आधीपासून मॅसॅच्युसेट्समधल्या केम्ब्रिजला एका माळ्यावर स्पीकरचे खोके बनवून विकायचा. व्हिल्चर आपली कल्पना घेऊन मोठ्या कंपन्यांकडे गेला होता, कुणी उभं केलं नाही. अल्टेक लान्सिंगकडून तर असं उत्तर आलं म्हणतात की हे शक्य असतं तर आमच्या इंजिनियरांनी आधीच केलं असतं. मग मास्तर आणि विद्यार्थी दोघांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च नावाची कंपनी काढली, लोक एआर म्हणतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ऑडिओ फेअरमध्ये एआर-१ ठेवला. साधारण दोन फूट उंच, सव्वा फूट रुंद खोका, किंमत १८५ डॉलर, आणि त्यातून ऑर्गनचे तळाचे सूर आले तेव्हा लोक टेबलाखाली वाकून बघत असतील मोठा स्पीकर कुठे लपवलाय ते, असं आपलं मला वाटतं.

पेटंट १९५६ मध्ये मिळालं. पुढे कोर्टात ते टिकलं नाही, जुन्या एका पेटंटचा आधार घेऊन रद्द झालं. क्लॉस १९५७ मध्ये बाहेर पडला आणि लो आणि हॉफमन या दोघांबरोबर केएलएच काढली, नंतर अ‍ॅडव्हेंट ही कंपनी. भांडण म्हणा वेगळे रस्ते म्हणा, पण दोन्ही घरांतून चांगलंच निघालं.

एक अजून. १९५८ मध्ये स्टिरिओच्या तबकड्या आल्या, म्हणजे घरात एका ऐवजी दोन स्पीकर लागणार. कपाटाएवढे दोन खोके कुठल्या बैठकीत मावणार होते? स्टिरिओ घरात शिरला त्यात या छोट्या बंद खोक्यांचा वाटा फार मोठा आहे. त्याच वर्षी एआर-३ आला, त्यात मधल्या आणि वरच्या सुरांना डोमच्या म्हणजे घुमटाच्या आकाराचे स्पीकर बसवले. आज बाजारात कुठलाही स्पीकर उघडून बघ, वरचा ट्विटर बहुतेक करून डोमच असतो.

केळीपट्टा_रावेर

गुरुजींचा आदर राखून विरोध नोंदवतो. धाग्यात कुणी व्हिल्चरला हाय-एंडचा, म्हणजे अव्वल दर्जाच्या ऑडिओचा, प्रणेता म्हणायच्या आत सांगून टाकतो की हाय-एंड म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवाले सॉल मॅरांट्झ आणि मॅकिन्टॉश, इंग्लंडचा पीटर वॉकर. वॉकरने १९५७ मध्ये क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणला, ज्यात कोन नाही, खोका नाही, फक्त केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा हजारो व्होल्टच्या दोन जाळ्यांमध्ये टांगलेला. आवाज असा की आजही लोक जुने शोधून दुरुस्त करून ऐकतात. त्याच्यापुढे गादीचं कापड आणि फायबरग्लास म्हणजे मध्यमवर्गाचा माल. व्हिल्चरने चांगला माल स्वस्तात दिला, मान्य, पण तो वेगळा सन्मान झाला.

मी दुबईत अकरा वर्षं काढली, तिथे एका दुकानात शनिवारी जाऊन क्वाड ऐकायचो, विकत घ्यायची ऐपत नव्हती, दुकानदाराला पण माहीत होतं. म्हणून थोडा पक्षपात असेल.

यावलचे_गुरुजी

केळीपट्टा, वॉकरपुढे मी पण हात जोडतो. पण हाय-एंड म्हणजे किंमत का खरा आवाज, हे आधी ठरवा.

व्हिल्चरने काय केलं ऐका. स्टेजवर चार वादकांचं तंतुवाद्य पथक बसवलं, फाइन आर्ट्स क्वार्टेट, बाजूला एआर-३ स्पीकर. वाजवता वाजवता मध्येच वादक नुसता गज फिरवायचे, वाजवायचे नाहीत, आणि आवाज टेपवरून स्पीकरमधून चालू व्हायचा. हॉलमधल्या लोकांना बदल कधी झाला कळायचं नाही, कितीतरी गावांत हे प्रयोग केले. हे करायची हिंमत किती जणांनी केली? आणि दुकान काढलं तेही कसं, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनवर ऐकायची खोली, आत जा, बसा, ऐका, तिथे विकायला कुणीच नाही. स्पीकरला पाच वर्षांची हमी, त्यात पार्ट, मजुरी, अगदी कंपनीपर्यंत नेण्या-आणण्याचं भाडं सुद्धा. एआर-३ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मध्यमवर्गाचा माल असेल, मग काय झालं. आपण कोण आहोत?

भुसावळ_यार्ड

वाचत होतो, राहवलं नाही. स्पीकरवर सगळे बोलताहेत, टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र विसरले.

माझे वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, लाइन इतकी जवळ की मालगाडी निघाली की मांडणीवरचे पेले किणकिणायचे. वडिलांना नाट्यसंगीताचा नाद, रेकॉर्ड लावली आणि ऐन तानेत गाडी आली की सुई टुणकन उडून पुढच्या ओळीत. वडिलांनी काय काय करून बघितलं, खाली जाड घोंगडी, मग सायकलच्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून त्यावर फळी, आणि खरं सांगतो ट्यूबने बराच फरक पडला. आई म्हणायची टाइमटेबल बघून गाणी लावा ना, सोप्पं आहे.

खूप नंतर मी वाचलं की व्हिल्चरने १९६१ मध्ये याच दुखण्यावर टर्नटेबल काढलं होतं. तबकडी फिरवणारी थाळी आणि सुईचा दांडा, दोघं एकाच पट्टीवर पक्के बसवले, आणि ती अख्खी पट्टी बाहेरच्या खोक्यापासून वेगळी तीन स्प्रिंगांवर टांगली. खोका हलला तरी थाळी आणि सुई एकत्रच हलतात, एकमेकांच्या तुलनेत हलतच नाहीत, म्हणून सुई उडत नाही. वरून मोटर आणि थाळीत रबरी पट्टा, म्हणजे मोटरची घरघर पण सुईपर्यंत पोचत नाही. खोक्यावर हातोडीने ठोकून दाखवायचे, गाणं चालूच. साठ डॉलरच्या आसपास किंमत होती. पुढे स्कॉटलंडच्या लिनने याच टांगत्या पट्टीवर आपलं प्रसिद्ध एलपी१२ टर्नटेबल उभं केलं, ज्याची किंमत ऐकून केळीपट्टा भाऊंना पण घाम फुटेल. म्हणजे हाय-एंडवाल्यांनी कुणाकडून घेतलं ते बघा.

आमच्या क्वार्टरमध्ये ते एक असतं तर आईची टाइमटेबलची सूचना वाया गेली असती.

केळीपट्टा_रावेर

बरं बाबा, टर्नटेबलवर मी हरलो. स्पीकरवर नाही.

ऐकू_येतंय_का_धुळे

मी इथे सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. धुळ्याला ऑडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर लोकांचे कान तपासते. तुम्ही सगळ्यांनी व्हिल्चरचं अर्धंच आयुष्य सांगितलंत म्हणून लिहिते, आणि अमळनेरच्या दादांनी पहिल्याच पोस्टमध्ये मामांना ऐकू येत नाही लिहिलंय ते कुणी धरलंच नाही.

व्हिल्चरने १९६७ मध्ये कंपनी टेलेडाइनला विकली. पन्नाशीचा होता, पैसा आला होता, वुडस्टॉकला घर होतं, स्वस्थ बसू शकला असता. त्याने घरीच प्रयोगशाळा केली आणि कानाच्या मशीनवर काम सुरू केलं. त्या काळची मशीनं काय करायची, सगळाच आवाज सारखा मोठा करायची. आणि इथेच घोळ आहे. वयामुळे किंवा कारखान्याच्या आवाजामुळे आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी गेल्या की हळू आवाज पूर्ण नाहीसा होतो, पण मोठा आवाज पूर्वीएवढाच मोठा वाटतो, कधी कधी तर टोचतो. घरोघरी हा संवाद होतो बघा, आजोबा म्हणतात काय? आपण थोडं मोठ्याने बोलतो, परत काय? मग आपण जोरात बोललो की, ओरडतोस कशाला रे, मी काय बहिरा आहे का! घरचे म्हणतात नाटक करतात. नाटक नाही, ऐकू येण्याचा आणि त्रास होण्याचा यामधला पट्टाच अरुंद झालेला असतो.

वर अजून एक. बहुतेकांचे वरचे सूर आधी जातात. स्वर मोठे आणि खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात, पण स, श, त, क असली व्यंजनं बारीक आणि वरच्या पट्टीतली, ती गळतात. म्हणून साठ म्हणलं तर आठ ऐकू येतं, आणि दूधवाल्याशी हिशोबाची भांडणं होतात. माझ्याकडे येणारे निम्मे म्हणतात आवाज येतो पण शब्द कळत नाही, आणि हे वाक्य त्यांनी सांगितलं की मला पुढचं बरंचसं समजतं.

व्हिल्चरने काय केलं तर आवाज दोन पट्ट्यांत वेगळा केला, खालचा वेगळा आणि वरचा वेगळा, आणि प्रत्येक पट्टीत हळू आवाज जास्त वाढवायचा आणि मोठा आवाज कमी वाढवायचा, जेवढी त्या कानाची गरज तेवढंच. म्हणजे आवाजाचा मोठा पट्टा त्या अरुंद पट्ट्यात नीट बसवायचा. ज्याने आयुष्यभर आवाज मूळ होता तसाच यावा म्हणून जीव टाकला, त्यानेच इथे ठरवलं की आवाज मुद्दाम बदलायचा, कारण ऐकणारा कान वेगळा आहे. माझ्या लेखी एआर-३ पेक्षा ही उडी मोठी. त्याने ते १९७३ मध्ये अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं, आणि पेटंट घेतलंच नाही. ज्याला बनवायचं त्याने बनवा. आज मी जे डिजिटल मशीन लोकांच्या कानात बसवते त्यात पट्ट्या दोनाच्या ठिकाणी कितीतरी जास्त असतात पण मूळ तत्त्व हेच.

दादा, मामा मशीन कपाटात ठेवतात म्हणालात ना? बहुतेक वेळा त्याचं कारण मशीन नीट सेट केलेलं नसतं, किंवा पहिल्याच दिवशी बाजारात घालून जातात आणि सगळीकडचा कलकलाट अंगावर येतो. त्यांना परत तपासणीला न्या, ऑडिओग्राम (ऐकू येण्याचा आलेख) नवा काढा, मोठ्या आवाजाची मर्यादा बघून सेटिंग करून घ्या, आणि सुरुवातीला घरातच दिवसाला तास-दोन तास घालू द्या, हळूहळू वाढवा. मेंदूला सवय लागायला आठवडे जातात. हे स्पीकरच्या धाग्यात लिहिलं तर चालेल ना?

साउंडवाला_पारोळा

ताई चालेल काय, पळेल! आमच्या धंद्यात निम्म्यांना चाळिशीनंतर कानात शिट्टी वाजते. माझ्या पण वाजते, उजव्या कानात. डीजेच्या भिंतीसमोर रात्र काढल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं कापसातून ऐकल्यासारखं. त्यावर काय करायचं?

ऐकू_येतंय_का_धुळे

दादा, शिट्टी कायमची राहत असेल तर तपासून घ्या, टाळू नका. आणि काम करताना कानात प्लग घाला, फोमचे साधे मेडिकलमध्ये मिळतात. संगीतवाल्यांसाठी वेगळे पण असतात, ते आवाज सगळ्या पट्टीत सारखा कमी करतात त्यामुळे मिक्सिंग करता येतं. दुसऱ्या दिवशी ऐकू येतं म्हणून काही झालं नाही असं समजू नका, प्रत्येक वेळी थोडं थोडं जात असतं. पोरांना पण द्या, तुमच्याकडे बॉक्स उचलायला येणाऱ्यांना.

अमळनेरचा_भाचा

अरे बापरे, मी भोकाचं विचारलं आणि तुम्ही मला अख्खा माणूस दिला. सगळ्यांचे आभार.

भोक रद्द. काल रविवारी अमळनेरला गेलो होतो, मामांना ताईंची पोस्ट मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचायला दिली. त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणे हे मशीनचं मला माहीत नव्हतं, मला तेवढं खोक्याचंच माहीत होतं, एका इंग्रजी मासिकातून आकृती उतरवून घेतली होती, ते मासिक बोरी नदीच्या पुरात गेलं. पुढच्या आठवड्यात धुळ्याला तपासणीला यायला तयार झालेत, पण अट घातली की येताना शेवभाजी खाऊ घालायची, तिखट.

आता कामाचं विचारतो. रुई जुनी होऊन खाली बसलीय, वरचा अर्धा खोका रिकामा दिसतो, आणि एका पिशवीत उंदराने घर केलेलं होतं, ते काढलं. तीच रुई पिंजून परत भरू का दुसरं काही? आणि वूफरच्या कडेचं कापड ठीक आहे का हे घरी कसं तपासायचं?

यावलचे_गुरुजी

रुई टाकून दे. पावसाळ्यात ओल धरते, दबते आणि उंदरांना आमंत्रण. त्याऐवजी उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा फायबर घे, मोकळा करून भर, ठासू नको, वूफरच्या अगदी पाठीला चिकटेल असं पण नको. जास्त भरलं म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, थोडं थोडं भरून मध्ये मध्ये ऐकून बघ.

कापडाची तपासणी सोपी. फळी घट्ट बसव, मग तीन-चार बोटांनी कोन चारी बाजूंनी सारखा, हळूच आत दाब, मधल्या टोपीला हात लावू नको, आणि सोड. सावकाश बाहेर आला तर खोका हवाबंद आहे. पटकन उसळून आला तर कुठेतरी गळतंय, एक तर फळीचा जोड नाहीतर कडेचं कापड. कापड नुसतं झिरपत असेल तर त्यावर मऊ राहणारं सीलंट पातळ लावतात, फेव्हिकॉल अजिबात लावू नको, कडक होतं आणि मग सगळी व्हिल्चर पद्धत पाण्यात. आणि आतल्या सर्किटमधले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घे, आपल्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत ते इतकी वर्षं टिकलेले नसतात. मूल्य तेवढंच ठेव, आणि ध्रुव नसलेले, नॉन-पोलर माग.

साउंडवाला_पारोळा

आणि अ‍ॅम्प्लिफायर मोठा घे रे, साठ-सत्तर वॉट तरी. माझ्याकडे एक जुना पडलाय, मांडवात चालत नाही कारण पंखा नाही त्याला, पण घरात मस्त चालेल. धुळ्याला मामांना घेऊन जाशील तर तसाच हायवेने पारोळ्यात थांब, खोके गाडीत टाकून आण, ऐकून मग ठरव. पैशाचं नंतर बघू.

केळीपट्टा_रावेर

पारोळ्याला कधी जमताय ते इथे टाका, मी पण येतो. बंद खोका एकदा नीट अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकल्याशिवाय मी माघार घेत नाही. केळीचा एक घड माझ्याकडून.